बोटांचा उजेड

आंबोली घाटात धुकं इतकं उतरलं होतं, की नाक्यावरचा निळा दिवा हवेत तरंगत असल्यासारखा वाटत होता. हवालदार गावड्यांनी शालनची स्कूटर थांबवली, डिकीतलं फडकं सोडलं आणि नोटांचं पुडकं चिमट्याने त्या दिव्याखाली धरलं. हल्लीच्या नोटा आपल्या धन्याचा स्पर्श जपून ठेवत, आणि तो फक्त पोलिसांच्या दिव्यालाच दिसे. पुडक्यावर हळूहळू रुंद, ओळखीची बोटं उजळली. अनामिकेचं टोक कुंकवाने लाल होतं.

"हे पैसे तुमचे नाहीत, ताई. मालकाला बोलवा."

"ते गेले उन्हाळ्यात. पिको-फॉलच्या मशीनसाठी साठवलेत त्यांनी. दर लक्ष्मीपूजनाला स्वतः कुंकू लावायचे."

गावडे ओशाळले. "मग असं करा, घटकाभर मुठीत घट्ट धरा. त्यांचा स्पर्श पुसला जाऊन तुमचा उमटला, की पैसे तुमचे. नाहीतर मला जप्त करावे लागतील."

शालनने हात पुढे केला. ती बोटं श्वास घेतल्यासारखी मंद उजळत होती. तिने हात पदराखाली ओढून घेतला.

"जप्तच करा. फक्त कुणी हात लावू नका. मी येत जाईन अधूनमधून, तेव्हा हा दिवा तेवढा लावा."