रायफल जमा

"भुताच्या पाठीला चेन होती हो!" पहिला प्रेक्षक कॅमेऱ्यासमोर ओरडला आणि थिएटरच्या लॉबीत हशा पिकला.

दुपारचा पहिलाच खेळ सुटला होता. कौतुकाची चार वाक्यं मिळतील या आशेने निर्मात्याने दारातच कॅमेरा लावला होता. कौतुक राहिलं बाजूला, लोक सिनेमाची सालटी काढत होते. खंदकातलं भूत एकेक सैनिक फाडून खातं, अशी गोष्ट. पण नट होते सहाच, त्यामुळे मेलेले सैनिक मिशा लावून पुन्हा मरायला येत. खंदकाची भिंत थर्माकोलची होती आणि कुणी शिंकलं तरी हलायची.

फौजी खांबाला टेकून ऐकत होता. तो निवृत्त सैनिक. सेटवर सगळे त्याला याच नावाने हाक मारायचे. 'लष्करी सल्लागार' म्हणून त्याचं नाव पडद्यावर येणार, ते बघायला वहिनी हट्टाने आली होती. वहिनी म्हणजे पलटणीतल्या त्याच्या जोडीदाराची बायको. नऊ वर्षांपूर्वी तोफेच्या गोळ्याने जोडीदाराचं पोट फाडलं, तेव्हा फौजी त्याच्यापासून चार हातांवर होता. "शेवटी तुमचंच नाव घेतलं त्याने," असं त्याने वहिनीला येऊन सांगितलं. त्या एका वाक्यावर तिने नऊ वर्षं काढली होती.

ते वाक्य खोटं होतं. खरं काय ते फौजीने आजवर एकालाच सांगितलं होतं, या सिनेमाच्या दिग्दर्शकाला. "मरणारा माणूस नेमकं काय करतो, एक तरी खरी गोष्ट द्या," म्हणून तो खनपटीलाच बसला होता.

आता कॅमेऱ्यासमोर चामड्याचं जाकीट घातलेला एक उंच माणूस आला.

"आणि तो सीन! पोट फाटलंय, आतडी बाहेर आलीत, आणि पठ्ठ्या म्हणतो काय? रायफल जमा करून घे, नंबर लिही! अहो, मरताना कुणी बंदुकीचा नंबर सांगतं का? अख्ख्या सिनेमात तेवढाच एक विनोद जमलाय."

त्याने पोट धरलं, गुडघे वाकवले, डोळे फिरवले. "लिही रे... सात... शून्य..." लोक हसून हसून बेजार झाले.

वहिनीही ओठांत हसली. "काहीतरीच दाखवतात, नाही का भावजी? त्या वेळी माणसाला घरचंच कुणीतरी आठवणार ना."

फौजीने मान हलवली. एका हाताने आतडी आत कोंबणारा आणि दुसऱ्या हाताने रायफल पुढे करणारा जोडीदार त्याला दिसत होता. हत्यार हरवलं तर सुटका नाही, हे भरतीच्या पहिल्या दिवसापासून त्यांच्या हाडीमांसी खिळवलेलं. कुणीतरी 'जमा' म्हटल्याशिवाय त्याने रायफलचा पट्टा सोडला नव्हता.

"परत! परत करून दाखवा!" कुणीतरी ओरडलं. जाकीटवाल्याला चेव आला. त्याने पुन्हा पोट धरलं.

दुसऱ्या 'शून्य'ला फौजीचा ठोसा त्याच्या नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा ठोसा जबड्यावर. जाकीटवाला मागे कोलमडला, सामान ठेवायच्या काउंटरच्या लोखंडी कडेवर डोकं आपटून खाली पडला आणि फरशीवर रक्त पसरायला लागलं. फौजी त्याच्या छातीवर बसला. दोन माणसं त्याच्या दंडाला लोंबकळली, तरी हात थांबेना.

"हस! हस ना आता!"

खालच्या माणसाने स्वतःला वाचवायला हात वर केले नाहीत. तो आंधळ्यासारखा खिसा चाचपत होता. त्यातून त्याने काहीतरी काढलं आणि रक्ताने माखलेली मूठ फौजीपुढे धरली.

"टोकन..." त्याच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे आले. "हेल्मेट आहे माझं... एकशे बारा... टोकन हरवलं तर देत नाहीत ते... घ्या... एकशे बारा..."

लॉबीत कुणी हसलं नाही. कॅमेरा चालूच होता.

फौजीची उगारलेली मूठ उघडली. त्याने ते पितळी टोकन घेतलं, अंगठ्याने वरचं रक्त पुसलं आणि नीट वाचलं.

"एकशे बारा," तो म्हणाला. "जमा."

तेव्हा कुठे खालच्या माणसाचा हात सैल पडला. त्याची छाती वरखाली होत होती. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन करत होतं, कुणीतरी पोलिसांना.

फौजी बाजूला सरकला आणि काउंटरला पाठ टेकून फरशीवरच बसला. वहिनी त्याच्यासमोर उभी होती. तिने त्याच्या हातातल्या टोकनाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"माझं नाव नव्हतं घेतलं त्यांनी," ती म्हणाली.

फौजीने खाली मान घातली. नऊ वर्षं जे होऊ नये म्हणून धडपडला, ते झालं होतं, आणि त्याला लहान मुलासारखं रडू आलं.

वहिनी त्याच्याजवळ खाली बसली, रक्ताला न जुमानता. तिने पर्समधून पेन काढलं आणि सिनेमाचं तिकीट उलटं करून गुडघ्यावर धरलं.

"नंबर सांगा, भावजी," ती म्हणाली. "लिहून घेते."