रांगेतली शेवटची जागा

भूतबंगल्याच्या दारावर पाटी होती, 'कच्च्या मनाच्या माणसांनी आत येऊ नये.' धाकट्याने ती मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे बघून हसला.

सुट्टीत फिरायला गेलो की अंधारात शिरताना आमची रांग ठरलेली असायची. पुढे मी, मध्ये पोरं आणि शेवटी त्यांची आई, धाकट्याचा शर्ट मुठीत धरून. भुतं मागूनच येतात, असं तिचं म्हणणं. ती गेल्यानंतरची ही पहिलीच सुट्टी. कुणी न सांगता मोठी लेक मागे जाऊन उभी राहिली.

आत सांगाडे खदाखदा हसले, छतावरून काहीतरी गार मानेवर पडलं आणि धाकटा ओरडला, "आई, मागे आहेस ना?"



"आहे रे राजा, पुढे बघून चाल," मागून उत्तर आलं. पोरीचा आवाज, पण सूर अगदी तिच्या आईचा. मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही.

बाहेर आल्याबरोबर मोठी तोंड धुवायला नळावर पळाली. मी धाकट्याला जवळ घेतलं. "बाळा, आई आता..."

"माहितीये, बाबा," तो हळूच म्हणाला. "पण ताई मागे रडत होती. मी आईला हाक मारली की ताई आईसारखी बोलते आणि मग रडायची थांबते. घरी पण मी असंच करतो. तुमच्या खोलीचं दार बंद असतं ना, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही."