सलग जागा

“जागा नाही!” यंत्राने पुन्हा नन्नाचा पाढा वाचला आणि पडद्यावरचं छातीचं चित्र अर्ध्यावरच थांबलं.

घोरपडीने कपाळावर हात मारला. हे नाव त्याला ऑफिसने ठेवलेलं. पठ्ठ्या यंत्रातल्या एखाद्या चुकीला चिकटला की ती सुधारेपर्यंत सुटायचा नाही. यंत्र होतं इस्पितळात रोग्यांच्या शरीरातली चित्रं काढणारं. त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे मेमरीची वाटणी करणाऱ्या गाभ्यात, जागा बक्कळ होती. पण सगळी तुकड्यातुकड्यांत. चित्राला हवी एकसलग. कित्येक दिवस तो भरलेले तुकडे एका बाजूला सरकवून मोकळी जागा एकत्र करत होता. सकाळी आवरलेलं दुपारी पुन्हा विस्कटायचं. वैताग नुसता! आणि संध्याकाळी ऑफिसच्या प्रमुख मॅडम निकाल बघायला येणार होत्या.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिचं भाड्याचं घर सुटत होतं. लेकाने नेलं नाही तर मावशीकडे तिसऱ्या मजल्यावर जायचं, आणि गुडघे तर एक पायरी चढू देत नव्हते.

“आई, सांगितलं ना, जागा नाही. आहे ती इथे थोडी, तिथे थोडी. एक अख्खी खोली रिकामी नाही गं.”

“अख्खी खोली मागितली कुणी, बाळा? रात्री नातीजवळ पडेन, दुपारी हॉलमध्ये. कपडे कुठेही कोंबा. काय कुठे ठेवलंय तेवढं माझ्या लक्षात राहिलं की झालं.”

घोरपड ताडकन उभा राहिला. “आई, फोन ठेवतो!” म्हणाला आणि फोन बंद.

अरेच्चा, चित्राला तरी सलग जागा कशाला हवी? त्याने चित्राचे तुकडे केले, सापडेल त्या फटीत बसवले आणि कुठला तुकडा कुठे गेला एवढं यंत्राला लक्षात ठेवायला लावलं. संध्याकाळपर्यंत यंत्र एकामागून एक चित्रं काढत राहिलं. एकदाही कुरकुरलं नाही. घोरपडीचा आनंद गगनात मावेना. त्याने शेजारच्या टेबलावरच्याला मिठीच मारली.

मॅडम पडद्यासमोरून हलेनात. “आपण सगळे नुसती जागाच आवरत बसलो होतो. तुला हे सुचलं कसं रे?”

“आईमुळे,” तो खुशीत म्हणाला. “तिला आमच्याकडे राहायला यायचंय. फोनवर बोलता बोलता सांगून गेली.”

“अरे वा! मग कधी येतायत?”

घोरपडीचा हात खिशातल्या फोनवर गेला.

“मी... तिला जागा नाही म्हणालो.”