दहा वाक्यं

“दहा?” फुमिए नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. “ह्यांची तीनच आहेत. मेशी, फुरो, नेरु.”

जेवण, आंघोळ, झोप. सगळी खोली हसली. दुसरा एक पेशंट, होशिनो न्हावी, चेहऱ्यावरची एक सुरकुती न हलवता नुसते खांदे हलवून हसला. पार्किन्सनच्या दुखण्यात हसू चेहऱ्यापर्यंत पोचतच नाही कधीकधी. मग तो काहीतरी बोलला आणि हसणं पुन्हा उसळलं. काय बोलला ते फुमिएच्या लक्षात आलं नाही, पण सगळे हसले म्हणून तीही हसली.

आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी हा आवाजाचा वर्ग भरायचा. चार पेशंट, चार घरची माणसं, टेबलावर आवाज मोजायचं यंत्र. शिकवणाऱ्या त्सुकागोशीबाई खणखणीत बोलत. फुमिएला त्या पहिल्याच दिवशी आवडल्या होत्या. नाहीतर हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. फोनवर तर पोटची मुलगीसुद्धा.

“दहाच लागतात,” बाई म्हणाल्या. “रोज ज्यांच्यावाचून अडतं अशी दहा वाक्यं. ती घरी रोज पूर्ण आवाजात म्हणायची. यंत्रावर पंचाहत्तरच्या वर गेलं पाहिजे. तोकुजी-सान सत्तावन्नवर आहेत. आणखी उतरला आवाज तर जवळ बसलेल्यालाही कळणार नाही.”

“मला कळतं,” फुमिए म्हणाली. “ह्यांचं मला न बोलता कळतं.”

ते खरंच होतं. किर्यूच्या रेशीम गिरणीत ती तीस वर्षं विणकाम करत होती आणि तोकुजी माग दुरुस्त करत होता. शंभर माग एकदम चालू असले की तिथे कोणी कोणाशी बोलत नसे, एकमेकांकडे बघत. त्यानं लग्नाचं विचारलं तेही तिच्या मागापाशी उभं राहून, नुसते ओठ हलवून. गिरणी बंद झाली तरी त्याची सवय गेली नाही. काही हवं असलं की घराच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारणार नाही. चालत येईल, तिच्या समोर उभा राहील, एक शब्द बोलेल आणि जाईल. बेचाळीस वर्षं तिनं शेजारणींना हेच सांगून हसवलं होतं. आमच्याकडे शब्द मोजून मिळतात, म्हणून.

पण गेल्या वर्षभरात तो तेवढंही बोलेना. आताही पाय ओढत येई. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला खिळत, ते कसेबसे सोडवून तो समोर येऊन उभा राही. दगडासारखा चेहरा. “अहो, काय ते बोला ना,” ती म्हणे. तो आणखी थोडा वेळ उभा राही आणि मागे फिरे. तिला वाटे, रागावलाय. कशावर ते कळत नसे. म्हणूनच, दवाखान्यातून ह्या वर्गाचा कागद त्यानं आपणहून घडी घालून आणला तेव्हा ती म्हणाली होती, “मुक्याला गाण्याचा क्लास!”

आज त्याच्या हातात दुसरा कागद होता. बाईंनी गेल्या गुरुवारी सांगितलेली वाक्यं त्यानं घरूनच लिहून आणली होती. पहिली ओळ बरी होती, पुढे अक्षर बारीक होत होत मुंग्यांची रांग झालं होतं. फुमिएनं सकाळी चष्मा लावून पाहिलं, काही लागलं नाही.

“पहिलं म्हणा,” बाई म्हणाल्या.

तोकुजीनं बायकोकडे पाहिलं.

“खिडकी लावा म्हणतायत,” फुमिए म्हणाली.

“तसं नाही म्हणाले ते.” बाई थांबल्या. “फुमिए-सान, तुम्ही जरा त्यांच्याकडे पाठ करून बसा. तुम्ही समोर असलात की ते आवाज वापरतच नाहीत.”

तिनं खुर्ची फिरवली. खिडकीखाली गाड्या लावायची जागा होती. तिची पांढरी गाडी नेहमीसारखी तिरकी उभी होती. ती वाट बघत राहिली. बराच वेळ गेला.

“सुरू कधी करणार?” तिनं विचारलं.

ह्या वेळी कोणी हसलं नाही.

“दोनदा म्हणून झालं त्यांचं,” बाई म्हणाल्या.

फुमिएच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मला ऐकू येतं,” ती म्हणाली. “तुमचं नाही का येत?”

बाई तिच्या नवऱ्याकडे वळल्या. “तोकुजी-सान,” त्या म्हणाल्या, “सगळे माग चालू आहेत असं समजा. आणि ह्या पार दुसऱ्या टोकाला आहेत. पोटातून.”

मग मागून एक आवाज आला. खरखरीत, रुंद, गंजलेलं दार ढकलल्यासारखा. फुमिएला आधी वाटलं, खोलीत कोणी नवीन माणूस आला.

“ओठांवरून हिला तीनच शब्द बिनचूक कळतात. म्हणून तीनच बोलायचो.” एक मोठा श्वास. “आता ओठ हलत नाहीत. अक्षर उमटत नाही. आवाज तेवढा राहिलाय.”

“एक्याऐंशी,” यंत्राकडे बघत कोणीतरी म्हणालं.

फुमिए खिडकीबाहेर बघत राहिली. तिरकी गाडी थोडी धूसर झाली होती.

“पुढचं म्हणा,” ती म्हणाली, आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते ऐकायला तिनं मान वळवली नाही.