वेळेला असू देत

"तूच बघ आता," म्हणत बाबांनी पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. झाकणावर दोन मांजरं होती. आत बिस्किटं असायला हवी होती, पण होत्या आईच्या गोळ्या. आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता.

गोळ्या मुलानेच केल्या होत्या. म्हणजे त्याच्या कारखान्याने. हृदयाचं हे औषध मुळात पाण्यात विरघळायचंच नाही. पोटात जायचं, फेरफटका मारायचं आणि जसंच्या तसं बाहेर पडायचं. "तुझ्यासारखंच आहे," आई म्हणायची, "कुणात म्हणून मिसळत नाही." त्याच्या कणांची घट्ट घडी मोडण्यात मुलाची उमेदीची वर्षं गेली. त्या नादात लग्नही राहून गेलं. नवी गोळी बाजारात आली तेव्हा पहिली बाटली त्याने घरी आणली, एक गोळी कोमट पाण्यात टाकली, चमचा फिरवला. गोळी दिसेनाशी झाली. आईने टाळ्या वाजवल्या आणि बाटली उचलून ठेवली.

"आधी जुन्या संपवते. या नव्या वेळेला असू देत."

या घरात चांगली वस्तू वेळेसाठीच असे. सोफ्याचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. पाहुण्यांचे कप इतके जपले होते की पाहुण्यांनाही मिळत नसत.

"पायांची सूज वाढली तेव्हा तिने स्वतःच डबा मागितला," बाबा म्हणाले. "म्हणाली, आली बाई वेळ. महिनाभर माझ्या हाताने दिल्या. काही फरक नाही. माझंच काही चुकलं का रे?"

"डब्यात कुणी काढल्या?"

"मीच. आणल्यास त्याच आठवड्यात. बाटलीचं झाकण तिला उघडायचं नाही. आत एक पुडी पण निघाली, 'खाऊ नये' लिहिलेली. औषधात विष कशाला घालता तुम्ही लोक? दिली फेकून."

पुडी ओल शोषण्यासाठी होती. ओल लागली की मोडलेली घडी पुन्हा बसते आणि औषध परत दगड होतं. डबा वर्षभर शेगडीशेजारी, किटलीच्या वाफेत होता. पुडीवर लिहिण्यासारखं इतकं होतं, आणि कारखान्याने लिहिलं होतं 'खाऊ नये'.

"एक टाकून दाखव ना," बाबा म्हणाले. "तेव्हा दाखवलीस तशी. थांब, चष्मा आणतो. मला नीट बघू दे."

बाबा आत गेले. मुलाने ग्लासभर कोमट पाण्यात गोळी टाकली, चमचा फिरवला. गोळी फुटली, पांढरी वाळू झाली आणि तळाशी जाऊन बसली. त्याने पुन्हा ढवळलं. वाळू गोल फिरली आणि परत बसली. आतून कपाट बंद झाल्याचा आवाज आला.

बाबा चष्मा पुसत बाहेर आले तेव्हा ग्लास रिकामा होता.

"विरघळली?"

"लगेच."

"आणि पाणी?"

"तहान लागली होती."

बाबा खुर्चीत बसले. बऱ्याच दिवसांनी पाठ टेकून बसले. मग एकदम घाबरले. "अरे, हृदयाचं औषध ते! तुला काही होणार नाही ना?"

"नाही हो बाबा," दातांतली कचकच गिळत तो म्हणाला. त्या गोळीने कुणाला काहीही होत नाही, याची त्या घरात फक्त त्यालाच खात्री होती.