काट्यावरचा कम्प्युटर

तुमसरच्या राइस मिलमध्ये, ट्रकच्या वजनकाट्यावरच्या जुन्या कम्प्युटरला एक खोड होती. लॉगिनचं नाव टाकताना मध्येच @ दाबलं, की आधी लिहिलेलं सगळं पुसलं जायचं.

नवे ऑपरेटर रडकुंडीला यायचे. शोभाताई मात्र अठरा वर्षं रोज सकाळी आधी मालकाबद्दल मनात असेल ते लिहायच्या, मग @ दाबायच्या, मग आपलं नाव टाकून हसतमुखानं कामाला लागायच्या.

"एवढी शांत बाई आख्ख्या तुमसरात नाही," मालक भैय्यालालशेठ सगळ्यांना सांगायचे.

सोमवारी नवा कम्प्युटर आला. त्याला झेंडूचा हार घालून शेठनं नारळ फोडला. "ताई, आजपासून सारं ऑफिस तुमच्या हाती देऊन राहिलो. पहिलं नाव तुम्हीच टाका."

ताईंची बोटं सवयीनं चालली. पण हा कम्प्युटर काहीच पुसत नव्हता. उलट चुकीचं नाव पडलं, की थेट मालकाच्या मोबाइलवर कळवत होता.

शेठनं चष्मा लावून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, "'टकल्या कंजूस@शोभा' या नावाचं इथे कोणी नाही."

मग त्यांनी हळूच टोपी काढली.



"कायले नाही? दोघंही इथंच तं आहो!"