तारण

"एकट्या माणसाला दाराजवळ बसवायचं नाही," मावशी म्हणाली. "आणि शेवटचा घास संपायच्या आत बिल टेबलावर."

मावशी ही हॉटेलातली सगळ्यात जुनी वाढपी. तिच्यासमोर टेबलं पुसत उभी होती ती नवी. महिनाभर झाला होता, तरी सगळे तिला नवीच म्हणत. तेवढ्या काळात दोन गिऱ्हाइकं तिच्या हातावर तुरी देऊन पसार झाली होती. दोन्ही बिलं तिच्या पगारातून कापली गेली, आणि तिसऱ्यांदा असं झालं तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही, असं मालकाने बजावलं होतं.

मालक वाईट नव्हता, कडक होता. सगळ्यांच्या आधी येऊन स्वयंपाकघरात शिरायचा, तो सगळे गेल्यावरच बाहेर पडायचा. दुसऱ्याची चूक त्याच्या पचनी पडत नसे.

नवीची लेक परगावी नवीच्या बहिणीकडे राहत होती. खोली घेतली की तुला आणते, असं नवीने तिला कबूल केलं होतं. नोकरी गेली तर कुठली खोली आणि कुठली लेक. तेव्हा तिसरं गिऱ्हाईक पळणार नव्हतं. आभाळ कोसळलं तरी नाही.

दुपारी गर्दी वाढली. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि दाराजवळच्या खुंट्यांवर कोट, मफलर एकावर एक लटकले होते. हातातलं सूप एका टेबलावर ठेवून नवी वळली, तर खुंट्यांपाशी एक उंच, सडसडीत माणूस हातावर काळा कोट टाकून उभा.

कोट तिथेच टांगा, असं तिने सुचवलं. जवळ असलेला बरा, असं तो हसून म्हणाला.

नवीच्या मनात पाल चुकचुकली. कोट जवळ बाळगणारा केव्हाही उठून चालू लागतो. तिने त्याला थेट स्वयंपाकघराजवळच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं.

तो निवांत जेवला. सूप झालं, भाजलेली कोंबडी झाली, वर पुडिंगही मागवलं. नवी डोळ्यांत तेल घालून त्याच्या आसपास घोटाळत राहिली. पुडिंगबरोबरच तिने बिल ठेवलं.

बशी चाटूनपुसून झाल्यावर तो फोन घेऊन उठला. आत नीट ऐकू येत नाही, दोन शब्द बोलून येतो, म्हणाला. नवी वाटेत उभी राहिली.

"बिल देऊन जा."

"अहो, कोट ठेवून चाललोय की. एवढ्या थंडीत नुसत्या शर्टावर किती लांब जाईन?"

तिने खुर्चीवरचा कोट उचलून पाहिला. जड, मऊ लोकर, आत रेशमी अस्तर. खिशात किल्ल्या वाजल्या. घराच्या किल्ल्या टाकून कोण पळतं?

"जा," ती म्हणाली. "पण तुम्ही बिल देईपर्यंत हा कोट कुणाच्याही हाती लागायचा नाही."

"तेच हवंय मला," तो म्हणाला, आणि गेला.

नवीने कोट मागच्या खोलीत नेऊन आपल्या कपाटात कुलूपबंद केला. मावशीला सांगितलं, तर मावशीने तिची पाठ थोपटली. शिकलीस बाई, म्हणाली.

काचेतून तो दिसत होता. कानाला फोन, खांदे आवळलेले, येरझाऱ्या चाललेल्या. मग नवीन गिऱ्हाइकं आली, आणि तिने पुन्हा पाहिलं तेव्हा तो नव्हता. वाऱ्याच्या आडोशाला गेला असेल. येईल झक मारत, असं म्हणून ती कामाला लागली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला मोकळं वाटत होतं. लेकीची खोली कशी लावायची, याचा विचारही तिने करून टाकला.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. दाढ दुखत होती म्हणून मालक आज लवकर निघाला होता. गालावर हात ठेवून तो समोरून चालला, तेव्हा नवी ताठ उभी राहिली. आजची हुशारी त्याच्याही कानावर घालावी, असं तिला वाटलं.

मालक खुंट्यांपाशी थांबला. त्याने एक मफलर बाजूला केला, मग दुसरा.

"मावशी," त्याने विचारलं, "इथला माझा काळा कोट कुणी हलवला? घराच्या किल्ल्या आहेत त्यात."